अर्धं राहिलेलं वाचन

आबा वाचता वाचता थांबले, तेव्हा मी मुंगीकडे बघत होते.

सुपाच्या काठावरून एक तांबडी मुंगी चालली होती आणि सुपात माझा तान्हा ओबेद झोपला होता. मुंगी त्याच्या कानापासून वीतभर लांब. मी पहिल्या बाकावर, मध्ये वेदीची पायरी. उठून जावं तर बरं दिसलं नसतं. माझी मम्मी आणि मामा-मामी नाशिकहून आलेले, पाठीमागे माळनेरची अख्खी मंडळी बसलेली. त्यामुळे त्या सकाळी चर्चमध्ये काय वाचलं जात होतं, त्यातला एक शब्दही माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

मुंगी खाली उतरून बाजरीच्या कणसांत शिरली. मी श्वास सोडला, आणि मग जाणवलं की चर्च फारच शांत झालंय.

आबा वाचायला उभे होते. बोट पानावर, नजर सुपावर. ओठ किंचित उघडे. पुढचा शब्द तोंडात आलेला, पण बाहेर पडत नव्हता.

खांबाला बांधलेल्या उसामागे कुणीतरी सणासाठी आणलेला कोंबडा होता, पाय बांधलेला. तो नेमका तेव्हाच आरवला. मागे तरुण संघातली पोरं फिसकन हसली.

"शुगर उतरली असणार," शेजारून सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. "सकाळपासून चहाचा घोट नाही घेतला त्यांनी."

आबा म्हणजे माझे सासरे. गावात त्यांना थोमा मास्तर म्हणतात. शाळेतून निवृत्त झाले तरी चर्चमधलं वाचन त्यांच्याकडेच होतं. शनिवारी संध्याकाळी ते पलंगावर बसून उद्याचा भाग मोठ्याने वाचायचे, एकदा स्वतःसाठी, एकदा सासूबाईंसाठी. "स्वल्पविरामसुद्धा देवाचा आहे," असं म्हणायचे. हा माणूस वाक्याच्या मध्ये थांबतो, हे माळनेरमध्ये कुणी पाहिलेलं नव्हतं.

मग आबांनी चष्मा काढला. त्याच्या दांड्या मिटल्या आणि बोट होतं त्या ओळीवर तो ठेवला.

"पाळकसाहेब, मी येतो," ते म्हणाले. "तोवर गाणी चालू ठेवा."

आणि मधल्या वाटेने, दोन्ही बाजूंना न बघता, ते दाराबाहेर गेले.

पाळकसाहेब नवीन होते, जेमतेम माझ्या वयाचे. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. सुजित पेटीवर होता, आणि त्याला हार्मोनियम सोडता येत नव्हती, कारण ती वाजवणारं दुसरं कुणी गावात नव्हतं. त्याने सूर धरला आणि भुवईनेच मला खुणावलं : जा, बघ.

मी उठले, वेदीपाशी गेले आणि ओबेदला सुपातून उचललं.

"त्याला कशाला? दे माझ्याकडं," सासूबाई म्हणाल्या.

"नको आई, तुम्ही मघाशी भोपळा उचललाय."

तो भोपळा कुणाच्या तरी मळ्यातला होता, मातीसकट. मम्मीने हे ऐकलं आणि ओठ दाबून हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली. त्या दिवशी मला सगळ्याचीच भीती वाटत होती.

माळनेरला कापणीचा सण असतो. ज्याच्या घरचं जे चांगलं, ते वेदीपुढे आणून ठेवायचं. बाजरी, ऊस, अंडी, लोणच्याची बरणी. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. आणि सणाला कुणाचा बाप्तिस्मा असला, तर ते बाळसुद्धा नव्या सुपात घालून त्या धान्यातच ठेवायचं. आजोबांनी तिथून उचलायचं, पाण्यापाशी न्यायचं आणि नाव उच्चारायचं. इथली ही जुनी रीत. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. ओबेद दिवस भरायच्या आधी आलेला, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिलेला. डॉक्टरांनी घरी सोडताना 'जपा' एवढंच म्हटलं होतं, आणि मी ते फारच मनावर घेतलं होतं. माझ्या बाळाला हात लावायचा तर आधी साबणाने धुवायचा, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. ते नवं सूपही मी डेटॉलच्या पाण्याने पुसून उन्हात ठेवलं होतं.

एकदा तापामुळे, एकदा खोकल्यामुळे बाप्तिस्मा पुढे गेला होता. मम्मीचं म्हणणं, नाशिकला करा, आमच्याकडे सगळी सोय आहे. मी सुजितला तेच म्हणत होते, "आमच्याकडे करू या." लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझ्या तोंडी 'आमच्याकडे' म्हणजे नाशिक असायचं. सुजित चिडवायचा, "मग इथं तुम्ही पाहुण्या का, बाईसाहेब?" शेवटी सासरचं ऐकलं, आणि आता हे असं.

मी बाहेर आले. ऊन चढलं होतं. आबा शाळेच्या कुंपणापर्यंत पोचले होते. चष्म्याशिवाय त्यांना खड्डा दिसत नाही, तरी भराभर चालले होते.

"आबा! थांबा ना. चक्कर येतेय का?"

ते थांबले. माझ्याकडे नाही, ओबेदकडे पाहिलं.

"ह्याला का आणलंस?"

"म्हणजे?"

"तिथंच ठेवायचं होतं त्याला."

"सुपात? एकट्याला? मुंग्यांत?"

"एकटा कुठला? सगळी मंडळी आहे तिथं."

"मी त्याला सोडून कुठंही जात नाही, आबा. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा चालू लागले.

मला राग आला. माझं पोर उन्हात, माझी आई परक्या गावात बाकावर बसलेली, आणि हे मलाच बोलतायत. पदराने ओबेदचं डोकं झाकत मी त्यांच्या मागे निघाले. चर्चवर सणासाठी कर्णा लावला होता, त्यातून सुजितची पेटी आणि मंडळीचं गाणं आमच्या पाठीवर येत होतं.

वस्ती संपते तिथे पाट आहे. पाटावर एक दगडी फरशी टाकलेली आहे, पलीकडे जायला. मी ती कधी ओलांडली नव्हती. आमच्या घरातलं कुणीच ओलांडत नसे. पलीकडे लुकस काकांचं घर होतं. आबांचा सख्खा धाकटा भाऊ, गवंडीकाम करणारा. माझ्या आजेसासूबाई वारल्या त्या दिवसापासून दोघांचा अबोला. आमच्या लग्नात काका नव्हते, त्यांना बोलावलंच नव्हतं. त्यांनी तेव्हापासून चर्चची पायरीही चढली नव्हती. काय झालं होतं, म्हणून मी एकदा विचारलं, तर सुजित म्हणाला, "दफनाच्या वेळी झालं काहीतरी. आबांपुढं विषय काढू नको."

आबा फरशीपाशी उभे राहिले. पाण्यापलीकडे बघत म्हणाले, "रिबेका, लुका माझ्याशी बोलला नाही, तर आज मी बाळाला उचलणार नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे बाप्तिस्मा?"

"होणार नाही. निदान माझ्या हातनं नाही."

"आबा, मम्मी आलीय! मामा रजा टाकून आलेत. मी काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांग."

"पण आजच का? इतकी वर्षं गेली. उद्या जा ना, परवा जा. मी स्वतः येते तुमच्याबरोबर."

"आज वाचलं मी ते."

"आधीही वाचलं असेल की."

"पुष्कळदा वाचलं." त्यांनी ओबेदकडे पाहिलं. "त्या वेळी समोर सुपात कुणी नव्हतं."

मला काही उमगलं नाही. मी शेवटचं म्हणून विचारलं, "चूक कुणाची होती, आबा? तुमची की त्यांची?"

"ते विचारलेलं नाही," आबा म्हणाले, आणि त्यांनी फरशीवर पाय ठेवला.

कुणी विचारलेलं नाही? मीच तर विचारत होते. पण ते पलीकडे पोचले होते आणि चष्मा नसल्यामुळे चिखलात पाय टाकत होते. मी ओबेदला छातीशी धरून फरशी ओलांडली.

काकांच्या अंगणात शेळ्यांच्या गोठ्याची भिंत अर्धी गिलावा केलेली होती. बनियन घातलेला, अंगाने आबांपेक्षा रुंद असा एक माणूस पाठमोरा उभा होता. हातात थापी. आमची चाहूल लागली तरी वळला नाही.

"मधीच का थांबला?" तो भिंतीशी बोलावं तसा म्हणाला. "फुडचं पान उंदरानं खाल्लं काय?"

"तू ऐकत होतास?"

"कर्णा लावलाय तुम्ही. कान काय बंद करून घ्यायचे?"

"लुका..."

"रविवारी काम करतोय, ते सांगायला आला असशील. चर्चचा पंच हायेस ना. लिहून घे माझं नाव."

"मी पंच म्हणून नाही आलो."

"मग? पाव्हणे आलेत नाशिकचे. सख्खा भाऊ दिसत न्हाई म्हणून कुणी विचारलं, तर लाज वाटंल, म्हणून आला."

"नाही."

थापी भिंतीवर फिरत राहिली. घरातून काकू बाहेर आल्या, मार्था काकू. बारीक चणीच्या, डोळे तेज. त्यांनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या.

"तू म्हणाला व्हता, हात लावू नको," काका म्हणाले. आवाज आता खाली आला होता.

"म्हणालो होतो."

"आईच्या शवपेटीला. सगळ्या सोयऱ्यांम्होरं."

"हो."

"मी प्यालो व्हतो."

"प्यायला होतास," आबा म्हणाले. "ते खरं आहे. पण ती तुझीही आई होती, लुका. तू रात्रंदिवस तिच्या उशाशी बसलेला होतास, मी नव्हतो. हे त्या दिवशी मला दिसलं नाही. मला फक्त तुझ्या तोंडाचा वास आला."

थापी थांबली.

"कबरस्तानापर्यंत तू मागं मागं चालत आलास. लांबून. मी एकदा वळून पाहिलं तुला."

"मी बघितलं तुला, बघताना."

"आणि मी पुन्हा पुढं बघितलं," आबा म्हणाले. "ते मला विसरता येत नाही. तुला क्षमा मागायला आलोय."

आमच्या घरात आबांनी कुणाची क्षमा मागितलेली मी ऐकली नव्हती. मागायची वेळच येत नसे, इतका तो माणूस नियमाने वागणारा. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण पाय निघत नव्हता.

"मास्तर क्षमा मागतोय," काका भिंतीला म्हणाले.

"मागतोय."

"अन् मी न्हाई म्हणालो तर?"

"तर बसतो इथं."

आणि खरोखरच ते बसले. समोर विटांचा ढीग होता, त्यावर. सणाचा पांढराशुभ्र लेंगा, सासूबाईंनी आदल्या दिवशी नीळ घालून वाळवलेला.

"अहो भावजी, तिथं नका, तिथं ओला माल सांडलाय!" काकू ओरडल्या.

"सांडू दे," आबा म्हणाले.

शेळी एकदा ओरडली. पाटापलीकडून कर्ण्यातलं गाणं येत होतं. ते संपलं, क्षणभर खरखर झाली, आणि पुन्हा तेच गाणं पहिल्यापासून सुरू झालं. मला कळलं, सुजित घाबरलाय. घाबरला की त्याला दुसरं काही सुचत नाही.

काकांनी मान तिरकी करून ऐकलं. "हे मघाधरनं तेच चाललंय. तुझ्या पोराला दुसरं गाणं येत न्हाई काय रे?"

"येतात," आबा म्हणाले. "पण पट्टी चुकते."

काकांच्या पाठीला हिसका बसला. मला आधी वाटलं ते रडतायत. ते हसत होते. मग ते वळले, आणि मी पहिल्यांदा त्यांचा चेहरा पाहिला. आबांचाच चेहरा, फक्त उन्हात जास्त वर्षं राहिलेला. डोळे पुसायला त्यांनी दंड वर केला, कारण हात सिमेंटने भरलेले होते.

मग त्यांची नजर माझ्या पदराखाली गेली.

"हा त्योच का? काचंच्या पेटीतला?"

मी मान हलवली. त्यांना कसं ठाऊक, असा प्रश्न माझ्या तोंडावर उमटला असावा.

"रोज विचारायचे मला," उंबऱ्यावरून काकू म्हणाल्या. "पोरगं कसंय, पोरगं कसंय. मी गिरणीत दळणाला गेले की तुमच्याकडच्या बायांना विचारून यायची. जगला म्हणून कळलं, त्या दिवशी शेळीचं सगळं दूध वाटून टाकलं ह्यांनी. का, ते कुणाला सांगितलं न्हाई."

आबांनी मान खाली घातली.

काका जरा जवळ आले, पण दोन हात अंतरावरच थांबले. ओबेदकडे बघत त्यांनी कपाळाला आठी घातली.

"पण दादा, ह्याला हिकडं कशाला आणलं?"

'दादा' हा शब्द ऐकून काकूंनी पदर तोंडाला लावला.

"मी नाही," आबा म्हणाले. "ही घेऊन आली मागनं. मी सांगत होतो तिला."

"अगं सूनबाई!" काका मला म्हणाले, आणि ते रागावलेत की हसतायत ते कळेना. "अर्पण तिथंच ठेवायचं असतंय. वेदीम्होरं. अर्पण घेऊन गेलास अन् तिथं आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही हाय, तर ते तिथंच ठेवायचं. आधी भावाकडं जायचं, त्याच्याशी समेट करायचा, अन् मग परत जाऊन अर्पण वाहायचं. शिकवलं न्हाई काय तुला नाशिकला?"

मी ओबेदच्या डोक्यावरचा पदर पुन्हा सारखा केला.

"आई आमच्याकडनं पाठ करून घ्यायची, शेरडं राखताना," काका म्हणाले. "मी धडाधडा म्हणायचो. हा शहाणा लहानपणीपण हितंच अडायचा."

शिकवलं होतं. संडे स्कूलमध्ये बायबलातल्या त्या भागावर मला बक्षीसही मिळालं होतं. आबा कुठं थांबले, का थांबले, बाळ तिथंच ठेवायचं होतं म्हणजे काय, 'ते विचारलेलं नाही' म्हणजे कुणी आणि कुठं, हे सगळं एका क्षणात माझ्यापुढे उभं राहिलं. भावाच्या मनात काही आहे, एवढंच तिथं म्हटलंय. चूक कुणाची, हे खरंच तिथं विचारलेलं नाही. आणि ज्या माणसाने ते वाक्य आयुष्यभर स्वल्पविरामासकट वाचलं, त्याने डोळे वर केले तेव्हा त्याचं अर्पण समोर सुपात झोपलेलं होतं. माझं बाळ. मी मुंगी बघत होते, तेव्हा आबा ही ओळ बघत होते.

"चल," आबा विटांवरून उठत म्हणाले. "मंडळी खोळंबलीय."

"असाच? बनियनवर?"

"सदरा आहे की खुंटीवर," काकू म्हणाल्या. त्या आत जाऊन तो घेऊन आल्यासुद्धा. इस्त्री केलेला होता. दर रविवारी तो इस्त्री होऊन खुंटीवर लागत असे, हे मला काकूंनी पुढे कधीतरी सांगितलं.

काकांनी खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले, पुन्हा पुसले, सदरा चढवला. मग ओबेद जागा झाला. त्याने तोंड वेडंवाकडं केलं, आणि काका नकळत पुढे वाकले. वाकले आणि थबकले. दोन्ही हात मागे घेतले.

"हात धुतो आधी," ते म्हणाले. "तुमच्याकडं धुवावे लागतात, ऐकलंय."

ते चेष्टेने म्हणाले होते, पण हात पाठीमागेच होते. मी त्या माणसाकडे पाहिलं. एकदा कुणीतरी 'हात लावू नको' म्हटल्यापासून ते हात तसेच मागे राहिले होते. माझ्या डोक्यात शेळ्या होत्या, सिमेंट होतं, प्रयोगशाळेतल्या सगळ्या काचपट्ट्या होत्या.

"राहू द्या, काका," मी म्हणाले. "घ्या त्याला."

ते घेईनात. मग मीच ओबेदला त्यांच्या हातांत ठेवला आणि माझे हात काढून घेतले. एवढी साधी गोष्ट. पण जन्मापासून मी त्याला कुणाच्या हातात देऊन माझे हात असे पूर्ण काढून घेतले नव्हते.

पाट ओलांडताना काका पुढे, आबा त्यांच्या खांद्याला धरून मागे, कारण चष्मा नव्हता. काकू दाराला कडी घालून धावत आल्या. मी सगळ्यांत मागे, रिकाम्या हातांनी.

"हळू, डावीकडं दगड हाय," काका म्हणत होते.

"दिसतोय."

"डोंबल दिसतोय."

चर्चच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा ते गाणं कितव्यांदा चाललं होतं कुणास ठाऊक. सुजितने वर पाहिलं, आणि पेटीचा एक सूर असा काही वाकडा गेला की कर्ण्यातून गावभर झाला असेल. मंडळी गात गात वळली. आवाज एकेक करून गळत गेले. शेवटी फक्त पुढच्या बाकावरची एक म्हातारी बाई गात राहिली, तिला ऐकू कमी यायचं.

काका दारात थबकले. चपला काढायला म्हणून, पण त्याहून जास्त वेळ. मग सासूबाई बाकावरून थोड्या सरकल्या, आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर दोनदा हात थोपटला. काका आणि काकू येऊन तिथे बसले. मम्मी आबांच्या लेंग्याकडे बघत होती. मागच्या बाजूला सिमेंटचा हा एवढा डाग होता, आणि आबा मधल्या वाटेने तो सगळ्यांना दाखवत चालले होते.

ओबेद काकांच्या मांडीवर होता. मी त्याला घेतलं, पायरी चढले आणि सुपात ठेवलं. बाजरीच्या कणसांत मुंग्या होत्याच. मी वळले आणि येऊन बाकावर बसले.

आबांनी पुस्तकावरचा चष्मा उचलला, रुमालाने पुसला, डोळ्यांवर चढवला. त्यांनी वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं नाही. जिथं थांबले होते, त्याच्या पुढच्या शब्दापासून वाचलं. आवाज नेहमीचा, शनिवारी पलंगावर बसून वाचायचा तोच. मी या वेळी ऐकत होते. 'समेट' या शब्दापाशी माझ्या शेजारी लुकस काकांचे ओठ हलले. आबा अडले नाहीत.

मग ते पायरी उतरले, सुपापाशी वाकले आणि त्यांनी आपल्या नातवाला उचललं. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा ओबेद असा काही ओरडला, की कोंबडाही त्याला उत्तर देऊ लागला. पाळकसाहेबांनी नाव विचारलं. आबांनी ते इतक्या मोठ्याने सांगितलं, की कर्ण्याची गरज नव्हती. तरी तो चालू होता. पाटापलीकडेही गेलं असेल ते नाव, पण ऐकायला तिथं त्या दिवशी कुणी नव्हतं.

दुपारी लिलावात मामांनी तो कोंबडा घेतला आणि मग नाशिकपर्यंत गाडीत कसा न्यायचा म्हणून डोक्याला हात लावला. काकांनी त्यांना कोंबड्याचे पाय नीट कसे बांधायचे ते दाखवलं. ओबेद कुणाकुणाच्या कडेवर फिरत होता, ते मी मोजायचं सोडून दिलं. नाही, खरं सांगायचं तर सोडलं नव्हतं. पण जागची उठलेही नव्हते.

आता ओबेद तिसरीत आहे. धडधाकट आहे, गुडघे कायम फुटलेले. शनिवारी संध्याकाळी तो आबांच्या पलंगावर बसतो आणि उद्याचा भाग त्यांच्याकडून वाचून घेतो. लुकस काका खुर्चीत असतात, चुका काढायला. मी अजूनही पाण्याची बाटली उकळूनच भरते. तो स्वभाव काही गेला नाही. पण त्या भागाची पाळी आली, की मी स्वयंपाकघरातला गॅस बंद करते आणि दारात येऊन उभी राहते.

बाप्तिस्म्याच्या त्या दिवशी निघताना मम्मी गाडीत बसली, काच खाली केली. तिच्या मनात सकाळपासून काहीतरी होतं. तिने माझा हात धरला.

"रिबू, एक विचारू? रागावू नको." ती हळू बोलत होती, मामींना ऐकू जाऊ नये म्हणून. "आपल्या तिकडं मी इतकी वर्षं जातेय. बिशप येतात, मोठमोठी माणसं येतात. पण वाचन अर्ध्यावर टाकून माणूस बाहेर निघून गेला आणि सगळी मंडळी गात बसली, असं कधी पाहिलं नाही मी. इथं उपासना अशी मध्येच थांबते?"

अंगणात आबा आणि काका त्या मातकट भोपळ्याच्या दोन बाजू धरून तो घराकडे नेत होते. सासूबाईंनी तो लिलावात सोडवून घेतला होता. दोघांची पावलं जुळत नव्हती आणि दोघेही एकमेकांना नीट चालायला सांगत होते. आबांचा लेंगा अजून तसाच होता.

"हो, मम्मी," मी म्हणाले. "आमच्याकडे थांबते."